उसवता येणारी लोकर

विणकाम करणाऱ्या प्रत्येकीच्या घरी असतो तसा एक डबा माझ्याकडेही आहे. पूर्ण झालेल्या कामांतून उरलेले लहान गुंडे, हातभर धागे, कधीतरी शिवणीला उपयोगी पडतील म्हणून जपलेली टोके असे बरेच काही त्यात वर्षानुवर्षे पडून असते. एका रिकाम्या दुपारी मी त्या डब्यातून २३ निरनिराळे धागे काढले, प्रत्येकाचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीला लावला आणि जे दिसले, जो वास आला, ते वहीत टिपत गेले. निमित्त साधे होते. एका मैत्रिणीने बाळासाठी काही विणून मागताना ‘लोकरच वापर हं, प्लास्टिक नको’ अशी अट घातली होती, आणि माझ्याकडच्या लोकरीत प्लास्टिक किती आहे हे मला सांगता येईना.

ज्योतीची परीक्षा जुनी आणि सोपी आहे. मेंढीची लोकर ज्योतीत आक्रसते, तडतडते, जळक्या केसांचा वास सोडते. ज्योतीबाहेर काढली की बहुतेक वेळा आपसूक विझते आणि तिची काळी राख दोन बोटांत चुरगळली जाते. ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकच्या कुळातल्या कृत्रिम तंतूचा, धागा मात्र ज्योतीपासून दूर नेला तरी पेटतच राहतो, वितळून ओघळतो आणि थंड झाला की टोकाशी नखानेही न फुटणारा काळा मणी ठेवून जातो. माझ्या वहीत शेवटी आकडे असे जमले: केसांचा वास ४, मणी १६, आणि वासही व मणीही, म्हणजे मिश्र धागा, ३.

त्या सोळाही धाग्यांना मी इतकी वर्षे लोकरच म्हणत आले होते. यात फसवणूक कोणी केली असे म्हणता येत नाही, कारण वेष्टनावर बारीक अक्षरांत ॲक्रिलिक लिहिलेले असते. आपल्या बोलण्यातच गुंड्याच्या रूपात मिळणारा आणि सुयांवर चढणारा प्रत्येक जाडसर धागा ‘लोकर’ झालेला आहे. शब्द तोच राहिला आणि त्याच्यामागची मेंढी केव्हा निघून गेली ते कळलेही नाही. त्यामुळे ‘विणकामासाठी लोकर पर्यावरणाला अनुकूल’ असे वाक्य कोठे वाचले की माझा पहिला प्रश्न आता हाच असतो, की ती कोणती लोकर.

ॲक्रिलिकचा पाया ॲक्रिलोनायट्राइल हे रसायन, आणि ते तयार होते प्रोपिलीन व अमोनिया यांच्यापासून. म्हणजे मुळाशी खनिज तेल आणि वायू आले. ड्यूपाँट कंपनीने १९५० मध्ये ऑरलॉन या नावाने हा तंतू बाजारात आणला, तो लोकरीची जागा घेण्यासाठीच. त्याला नावे ठेवणे मला फारसे जमत नाही. मी विणायला शिकले ती ॲक्रिलिकवर, आणि शिकाऊ हातांनी वीस वेळा उसवून पुन्हा विणलेला धागा मेरिनो जातीच्या मेंढीच्या महागड्या लोकरीचा असता तर मी भीतीनेच सुया खाली ठेवल्या असत्या. तो टोचत नाही, त्याला कसर लागत नाही, धुलाईयंत्रात टाकला तरी आटत नाही. तान्ह्या बाळाच्या थकलेल्या आईला या गोष्टी पर्यावरणाइतक्याच महत्त्वाच्या असतात, आणि तसे वाटण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

अडचण धुण्याच्या पाण्यात आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन या संशोधकांनी निरनिराळे कापड यंत्रात धुऊन त्यातून सुटणारे तंतू मोजले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा किलोच्या एका धुण्यातून ॲक्रिलिकचे सात लाखांहून अधिक, पॉलिएस्टरचे सुमारे पाच लाख आणि पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाचे जवळजवळ एक लाख अडतीस हजार तंतू सुटू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. तंतू लोकरीचेही सुटतात, किंबहुना नव्या स्वेटरचे तर पुष्कळच सुटतात; पण लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांचे आणि नखांचे प्रथिन, आणि ते खाऊन पचवणारे सूक्ष्मजीव व बुरशी निसर्गात आहेत. ॲक्रिलिकचा तंतू बारीक होत जातो, पण संपत नाही.

धुण्याचा मुद्दा निघालाच आहे तर लोकरीचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण येथेच सांगायला हवा, आणि तो म्हणजे तिला फारसे धुवावे लागत नाही. लोकरीचा तंतू आतून पाणी धरतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. साधारण दमट हवेत तिच्यात वजनाच्या सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतेच. ॲक्रिलिकमध्ये ते एकदोन टक्क्यांवर जात नाही. त्यामुळे घाम अंगावर आणि कापडाच्या पृष्ठभागावर साचून राहण्याऐवजी तंतूच्या आत जातो आणि सावकाश हवेत निघून जातो, आणि वास धरण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. माझा लोकरीचा स्वेटर मी रात्रभर खिडकीशी पसरून ठेवते आणि सकाळी तो पुन्हा घालण्याजोगा झालेला असतो. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, मी तो कोमट पाण्यात धुते. ॲक्रिलिकचा स्वेटर मी दर तीनचार वेळा घातल्यावर धूत असे. धागा निवडताना आपण पुढच्या दहा वर्षांचे पाणी, साबण आणि वीजही निवडत असतो, हे मला हातातला गुंडा पाहून कधी सुचले नव्हते. सुचले ते धुण्याची बादली पाहून.

मात्र येथवर येऊन थांबले तर लेख फसवा होईल. लोकर मेंढीच्या अंगावर येते, आणि मेंढी रवंथ करते. रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटात चारा कुजताना मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. मोठ्या मेंढीचा वर्षाचा मिथेन आठेक किलो धरतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो, म्हणजे ही मेंढी वर्षाला दोनशे किलोंहून थोड्या अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर टाकते. तिच्या अंगावरून वर्षाला धुतलेली, स्वच्छ अशी तीन किलो लोकर मिळाली आणि सगळा दोष लोकरीच्याच माथी मारला, तर माझ्या अर्ध्या किलोच्या स्वेटरच्या वाट्याला पस्तीस-छत्तीस किलो येतात. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण सव्वादोन किलोंवर कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा हा स्वेटर म्हणजे पंधरा-सोळा लिटर पेट्रोल झाले. सगळा दोष लोकरीचा नसतो, हे खरे. बहुतेक मेंढ्या मांसासाठीही पाळल्या जातात आणि भार दोघांत वाटावा लागतो. तो कसा वाटायचा यावरच लोकरीचे आकडे एका अहवालातून दुसऱ्यात उड्या मारतात. पण कसाही वाटला तरी अर्धा किलो ॲक्रिलिक तयार करताना होणारे उत्सर्जन सहसा याहून कमीच भरते. केवळ विकत घेण्याच्या क्षणापुरते पाहिले, तर हवामानाच्या हिशेबात लोकर हरते.

लोकर-उद्योगाकडून यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, की लोकरीच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो आणि तो गवताने हवेतूनच घेतलेला असतो. विधान बरोबर आहे. फक्त अर्ध्या किलोच्या स्वेटरमध्ये तो कार्बन पाव किलो भरतो, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत एक किलोसुद्धा नाही. पंधरा लिटर पेट्रोलपुढे तो किती, हे वाचकाने पाहावे.

जमिनीचा प्रश्न वेगळाच आहे. अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेंढ्यांचे प्रचंड कळप सोडले गेले आणि तेथील कोरडी, विरळ कुरणे अतिचराईने इतकी झिजली की विस्तीर्ण भूभाग वाळवंटी झाले. उलट, जेथे नांगर चालणार नाही अशा उतारांवर, कळप हलवत राहून, मोजक्या मेंढ्या चारल्या तर त्याच खुरांखाली गवत टिकते आणि लेंड्यांचे खत होते. दोन्ही ठिकाणची लोकर गुंड्यात सारखीच दिसते.

मेंढी कातरू नये असे म्हणणाऱ्यांना मी एका मेंढीची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ २०१५ मध्ये कळपापासून तुटून वर्षानुवर्षे रानात राहिलेला एक मेंढा सापडला. त्याला क्रिस असे नाव मिळाले. त्याच्या अंगावरून ४१.१ किलो लोकर उतरली आणि ती उतरेपर्यंत त्याला धड चालताही येत नव्हते. माणसाने शेकडो पिढ्या निवडून अशी मेंढी घडवली आहे की जिची लोकर आता आपोआप गळत नाही, त्यामुळे कातरणे ही आपलीच जबाबदारी झाली आहे. पण त्याच ऑस्ट्रेलियात मेरिनोच्या सुरकुतलेल्या कातडीत माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून कोकरांच्या शेपटीभोवतालची कातडी कापून काढण्याची म्यूल्सिंग नावाची पद्धत चालत आली आहे. न्यूझीलंडने ती २०१८ मध्ये बेकायदा ठरवली. धागा घेताना वेष्टनावर ‘म्यूल्सिंगविरहित’ असा उल्लेख आहे का, हे मी पाहते. नसेल तर विचारते, आणि उत्तर मिळाले नाही की बहुधा गुंडा परत ठेवते.

कातरलेली लोकर तेलकट आणि मळकट असते. घाम, माती, गवताची कुसळे आणि लॅनोलिन नावाचा मेणासारखा पदार्थ मिळून तिच्या वजनाचा मोठा हिस्सा व्यापतात, आणि हे सगळे धुऊन काढणारे पाणी अत्यंत घाण असते. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या व्यापारावर वाढलेल्या इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहराचे पाणी या धुण्याने पार नासले होते. पुढे तेथील एशोल्टच्या सांडपाणी केंद्रात त्याच घाणीतून चरबी वेगळी काढून विकली जाऊ लागली. आज लॅनोलिन मलमांत आणि ओठांना लावायच्या लेपांत जाते. म्हणजे लोकर धुण्याचे पाणी नदीला मारते की उत्पन्न देते, हे त्या कारखान्यात काय यंत्रणा आहे त्यावर ठरते.

आता मूळ गाठीकडे येते. मी पहिल्यांदा खऱ्या लोकरीची टोपी विणली, तेव्हा ती गरम पाण्यात चोळून धुतली आणि ती बाहुलीला येईल एवढी होऊन बाहेर आली. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले असतात आणि त्यांची तोंडे सगळी शेंड्याकडे असतात. पाणी, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की तंतू एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत अडकतात आणि परत येऊ शकत नाहीत. कापड आटते आणि नमद्यासारखे घट्ट होते. त्या टोपीचा एकही टाका नंतर वेगळा काढता आला नाही.

या भीतीवर उद्योगाने जो तोडगा काढला त्याचे नाव सुपरवॉश. त्याच्या सर्वांत रूढ पद्धतीत लोकर आधी क्लोरीनच्या द्रावणातून काढून खवल्यांच्या कडा झिजवतात आणि मग प्रत्येक तंतूवर कृत्रिम रेझिनचा अतिशय पातळ लेप चढवतात. खवले झाकले गेले की तंतू अडकत नाहीत आणि स्वेटर यंत्रात धुता येतो. क्लोरीनच्या पायरीत क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे सांडपाण्यात उतरतात, त्यांची विल्हेवाट नीट लावावी लागते, आणि लेप हा शेवटी प्लास्टिकच्याच कुळातला असतो. हातविणकामासाठी मिळणाऱ्या मऊ, चकचकीत, सुंदर रंगांच्या लोकरीपैकी फार मोठा भाग असा असतो. प्लास्टिक नको म्हणून आपण मेंढीकडे जातो आणि मेंढीला प्लास्टिकचा अंगरखा घालून घरी आणतो. क्लोरीनविना तेच साधणाऱ्या पद्धतीही आता आल्या आहेत, पण त्यांचा धागा सहज हाती लागत नाही. माझ्यापुरता मी निर्णय असा केला आहे की मोज्यांसाठी आणि बाळाच्या कपड्यांसाठी सुपरवॉश चालेल, कारण ते खरोखरच धुवावे लागतात. स्वेटर, शाल आणि टोपी यांना तिची गरज नाही, कारण ती मी हातानेच आणि क्वचित धुते. मैत्रिणीच्या बाळासाठी मी त्यामुळे सुपरवॉशच विणली आणि तिला तसे सांगितलेही. तिला ते फारसे आवडले नाही.

टोचण्याविषयी एक वाक्य. कातडीला टोचतात ते साधारण ३० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू; मेरिनोचा तंतू वीसच्या आसपास असतो म्हणून तो मऊ लागतो. पण मऊ धागा लवकर झिजतो आणि गोळेही लवकर धरतो. जाडसर, राठ लोकरीचा बाहेरून घालायचा स्वेटर वीस वर्षे जातो, आणि तीच लोकर आज कोणाला नको आहे. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये तिचा भाव इतका पडला की कातरण्याची मजुरीही सुटेना आणि काही शेतकऱ्यांनी ती जाळली किंवा कुजवली. मिथेन तर हवेत केव्हाच गेला होता. विणणाऱ्यांच्या मऊपणाच्या हट्टाचा यात काही वाटा आहे, असे मला वाटते.

पेट्रोलच्या त्या पंधरा लिटरांची भरपाई होणार असेल तर ती वर्षांनीच होईल. माझा सर्वांत जुना लोकरीचा स्वेटर मी अठरा वर्षांपूर्वी विणला. गेल्या वर्षी त्याची दोन्ही कोपरे आरपार गेली, मनगटांच्या पट्ट्या विरल्या आणि मी तो उसवायला घेतला. उसवणे हा शब्द आपण नात्यांच्या आणि जखमांच्या बाबतीत दुःखाने वापरतो, विणकामात मात्र तो आशेचा शब्द आहे. सुती कापड फाटले की त्याचे फडके होते; विणलेल्या लोकरीचा पुन्हा धागा होतो. इंग्लंडच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या यंत्रावर पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढले, आणि इटलीतील प्रातो शहराचा मोठा उद्योग आजही याच कामावर चालतो. यंत्रावर पिंजताना तंतू तुटून आखूड होतात. हाताने उसवताना त्यांना धक्काही लागत नाही, म्हणून हाताने विणणाऱ्याकडे जे आहे ते प्रातोच्या कारखान्यांकडेही नाही.

आधी शिवणी शोधाव्या लागतात. अठरा वर्षांत कापड आणि शिवण एकजीव झालेली असते, आणि चुकून शिवणीऐवजी टाका कापला तर त्या ओळीत धागा तुटतो. (विकतचे अनेक स्वेटर कापून शिवलेले असतात; ते उसवायला गेले तर प्रत्येक ओळीला हातभर तुकडा मिळतो, त्यामुळे आधी आतली कड पाहून घ्यावी.) तुकडे सुटे झाले की शेवटी बंद केलेल्या टाक्यांपासून सुरुवात करायची आणि ओढत जायचे. तो आवाज मला आवडतो, बारीक पावलांनी कोणी पळत जावे तसा. सुटणारा धागा मी खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत गेले. तो टाक्यांच्या सवयीने अजून नागमोडीच होता, शेवयांसारखा. लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात अर्धा तास बुडवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबली आणि खाली एक हलका चमचा अडकवून सावलीत टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी धागा सरळ झाला होता. अठरा वर्षे ज्या आकारात तो अडकून होता तो आकार एका रात्रीत विसरला होता, आणि ओढून सोडला की नव्या धाग्यासारखा परत येत होता. लोकरीच्या तंतूतील रेणू स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात. कोरडा तंतू सुमारे तीस टक्के ताणला तरी तुटत नाही आणि पाणी मिळाले की मूळ लांबीकडे येतो. ॲक्रिलिकही उसवता येते, पण एकदा इस्त्रीची वाफ लागली की ते कायमचे लुळे पडते.

कसरीने मात्र एक धडा दिलाच. उसवताना एका बाहीत दर थोड्या अंतरावर धागा तुटत होता, आणि तेव्हा कळले की कपाटात त्या बाहीवर अळ्या बसून गेल्या होत्या. लोकर खातात त्या अळ्या. उडणारा पतंग काही खात नाही. जो गुण नदीत आणि मातीत हवासा वाटतो, तोच कपाटात नको असतो. डब्यातल्या त्या चार खऱ्या धाग्यांसह सगळी लडी मी पिशवीत बांधून दोन आठवडे बर्फाच्या कप्प्यात ठेवली.

स्वेटर उसवण्यापूर्वी ५४० ग्रॅम होता, धागा भरला ४८५ ग्रॅम. उरलेल्या पंचावन्नपैकी बहुतेक भाग म्हणजे झिजलेली कोपरे, मनगटे आणि कसरीने खाल्लेले तुकडे. ते मी एका कुंडीत मातीखाली पुरले आणि शेजारी, तुलनेसाठी, डब्यातल्या ॲक्रिलिकचा एक विणलेला चौकोन पुरला. सहा महिन्यांनी माती उकरली तेव्हा ॲक्रिलिकचा चौकोन झटकल्यावर पहिल्यासारखा पोपटी निघाला, त्याचे टाके मोजता येत होते. लोकरीच्या जागी मातीला चिकटलेली काही तपकिरी, बोट लावताच तुटणारी जाळी सापडली आणि तिच्यातून रोपाची मुळे गेली होती. चौकोन धुऊन मी डब्यात परत ठेवला, कारण त्याला टाकायचे कोठे हे मला सुचले नाही. ४८५ ग्रॅममध्ये पूर्वीच्या मापाचा स्वेटर होत नाही, म्हणून या वेळी बिनबाह्यांचा विणते आहे. पाठ झाली आहे, पुढच्या भागाचे १०४ टाके काल रात्री घातले.